वहीवरची नावं

वर्ध्याजवळ सावंगीला आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यात रोज वीस-बावीस माणसं जेवायची. आई मेस चालवायची. मेडिकलला, नर्सिंगला शिकायला लांबून आलेली मुलं-मुली दुपारी आणि संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर ओळीने बसायची. ज्यांना यायला जमत नसे त्यांचे डबे बाबा ड्यूटीवर जाताना सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचे. बाबा दवाखान्यात लिफ्ट चालवायचे. दिवसभर माणसांना वर-खाली नेणारे बाबा घरी आले की एका जागी मांडी घालून कांदे चिरत बसायचे आणि आईला लिफ्टमधल्या गोष्टी सांगायचे. माझी अभ्यासाची जागा कणकेच्या डब्याला टेकून होती. एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्या बाजूला लाटण्याबरोबर वाजणाऱ्या आईच्या बांगड्या. पुढे जर्मनीत वाचनालयातल्या शांततेत मला कितीतरी दिवस अभ्यास सुचत नसे. कान उगीचच शिट्टीची वाट बघत राहायचे.

आईच्या हातचं जेवण साधं असायचं. तुरीचं वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, रविवारी कढी-गोळे. वर्षाचे बाराही महिने ताटात जवसाची चटणी असायचीच. मेसमध्ये जिन्सी नावाची केरळची मुलगी होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या दिवशी तिने लाजत विचारलं, "आंटी, सांबार है क्या?" आईने मोठ्या मनाने कोथिंबिरीची अख्खी जुडी तिच्या पुढ्यात आणून ठेवली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. जिन्सी जुडीकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. पुढच्या रविवारी आईने तिच्याकडून तिचं सांबार शिकून घेतलं. आमच्या घरी ते अजूनही होतं आणि त्याला 'जिन्सीचं वरण' म्हणतात.

या जिन्सीमुळे मी जर्मनीला गेले. ती तिकडच्या दवाखान्यात नोकरीला जायचं म्हणून जर्मन शिकत होती आणि शब्द पाठ करताना तिला समोर कोणीतरी लागायचं. मी बारावीत होते. कणकेच्या डब्याला टेकून मी तिचे शब्द ऐकायची आणि तिच्याआधी मलाच पाठ व्हायचे. एक दिवस ती म्हणाली, "तू तिकडे इंजिनिअरिंगला जा. मात्र आपल्या बारावीवर थेट विद्यापीठात घेत नाहीत. आधी वर्षभर पूर्वतयारीचं कॉलेज. तिथली शेवटची परीक्षा पास झालीस तरच विद्यापीठ." बारावीनंतर दीड वर्ष मी बसने नागपूरला जाऊन जर्मन शिकले. एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या घरात तोपर्यंत कोणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. बाबा दहावी नापास, आई सातवी आणि आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, चौथी.

आबाजींच्या चौथीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते मूळचे वडनेरचे. लहानपणी त्यांच्याकडे वही नव्हती. वर्गातला एक मुलगा संध्याकाळी आपली वही खिडकीतून त्यांच्या हातात द्यायचा आणि सकाळी शाळेच्या वाटेवर परत घ्यायचा. आबाजी ती बघून कोळशाने जमिनीवर लिहायचे. "त्यानं एक डाव नाई म्हटलं असतं, तं मी आज अंगठा लावत राह्यलो असतो," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. म्हणून आमच्या वस्तीतल्या विहारात त्यांनी पत्र्याची एक पेटी ठेवली होती. निकाल लागला की वस्तीतल्या प्रत्येक पोराने आपल्या वह्या त्या पेटीत आणून टाकायच्या आणि खालच्या वर्गातल्यांनी हवी ती न्यायची. नियम असा की वहीवरचं आधीचं नाव खोडायचं नाही, त्याच्या खाली आपलं नाव लिहायचं. माझ्या नववीच्या विज्ञानाच्या वहीवर माझ्या आधी तीन नावं होती. सगळ्यात वरचं नाव पुढे तलाठी झालेल्या एका दादाचं होतं, त्यामुळे ती वही मिळावी म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. मागितलेली वही नाही म्हणायची नाही, हे आमच्या वस्तीत कोणाला शिकवावं लागत नसे.

जर्मनीतलं माझं कॉलेज पूर्वेकडच्या एका लहान शहरात होतं. वर्गात अठरा मुलं, अकरा देशांची. वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर एक स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात बेकरीतल्या पावावर मला जवस चिकटलेलं दिसलं. इतक्या लांब येऊन जवस भेटलं म्हणून मी दुकानातच उभी राहून हसले असेन, कारण विकणारी बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. दुकानातून जवसाची पुडी आणली, तव्यावर भाजली, तिखट-मीठ-लसूण घालून बाटलीने कुटली. त्या कुटण्याच्या आवाजाने शेजारच्या खोलीतली मुलगी दार उघडून बाहेर आली. ती सारनाई, मंगोलियाची. तिने चटणी चाखली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा हात पुढे केला. तिच्या खोलीत बुद्धाचं चित्र होतं. मला वाटलं, ही तर आपल्या वस्तीतलीच निघाली. मी पेटीची गोष्ट तिला तेव्हाच सांगितली होती, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करून.

सारनाईचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिचा अडसर भाषेचा. प्रयोग करायची, आकडे घ्यायची, पण अहवाल लिहायला बसली की तिची पेन्सिल थांबायची. डिसेंबरात लंबकाच्या प्रयोगाचा अहवाल द्यायचा होता. त्याचे गुण शेवटच्या निकालात धरणार होते. ती आदल्या दुपारी माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "समजावून सांगशील?" माझा रसायनाचा अभ्यास बाकी होता. तिला समजावायचं म्हणजे दोन तास गेले असते. मी माझी प्रयोगवही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "घे. आमच्याकडची पद्धत माहीत आहे ना? खाली नाव लिही." तिने हसून माझ्या नावाखाली आपल्या लिपीत आपलं नाव लिहिलं आणि वही घेऊन गेली. मला आठवतं, दार लावताना मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा मी त्याला चांगुलपणा समजले. आज लिहिताना कळतं, त्यात निम्मं बरं वाटणं दोन तास वाचल्याचं होतं.

चार दिवसांनी भौतिकशास्त्राच्या वेबरबाईंनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. उंच, सडपातळ, कधी आवाज न चढवणाऱ्या बाई. टेबलावर दोन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवलेले होते, बाजूला माझी प्रयोगवही. प्रयोगवह्या त्यांनी तपासायला मागवल्या होत्या. दोन्ही अहवालांत आणि माझ्या वहीतही, तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत, एका आकड्याभोवती लाल गोल होता. मी वाकून पाहिलं आणि लगेच ओळखलं. घाईत माझा हात परत मराठी शाळेत गेला होता. इंग्रजी चारच्या जागी मी आपला ४ काढला होता. सारनाईने तो जसाच्या तसा उतरवला होता, अगदी शेपटीसकट.

"हे काय आहे?" बाईंनी सारनाईला विचारलं.

"आठ," सारनाई म्हणाली.

"आठ असेल तर पुढचं उत्तर चुकायला हवं. तुझं उत्तर बरोबर आहे." बाईंनी वही मिटून मुखपृष्ठ आमच्याकडे वळवलं. माझं नाव आणि त्याखाली सारनाईचं. "आणि हे?"

त्या कॉलेजचा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी वाचून दाखवला होता. नक्कल करणारा आणि करू देणारा, दोघंही शेवटच्या परीक्षेला बसू शकत नाहीत. परीक्षा नाही म्हणजे विद्यापीठ नाही, शिष्यवृत्ती नाही, व्हिसा नाही. मला डोळ्यांसमोर सावंगीची ती पुढची खोली दिसली आणि सतरंजीवर बसलेली सगळी माणसं माझ्याकडे बघताना दिसली.

तेवढ्यात सारनाई बोलली. खाली बघत, एकेक शब्द जोडत. "मी तिच्या खोलीतून वही घेतली. न विचारता. ती बाहेर होती. नाव मीच लिहिलं. तिला काही माहीत नाही."

वेबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असं झालं का?"

 मी हो म्हटलं नाही हे खरं, पण नाहीही म्हटलं नाही. बाईंनी दोन्ही अहवाल गोळा केले. मग म्हणाल्या, "उद्या दहा वाजता या. दोघीही. विचार करून या."

बाहेर आल्यावर सारनाई माझ्याशी न बोलता झपाझप पुढे निघून गेली. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ होत आली होती. फोन आबाजींनी घेतला. घरात फोन वाजला की तो त्यांच्याच हातात असायचा. मी रडत रडत सगळं सांगितलं. वही दिली, नियम असा आहे, परीक्षा जाईल. मध्ये सारनाई काय म्हणाली तेही सांगून टाकलं.

 मागे कुकरची शिट्टी झाली.

"तं ती पोरगी म्हणते का तिनं चोरली?"

"हो आबाजी."

"अन् तू काय म्हणाली?"

"काहीच नाही."

"मंग आपल्या पेटीतल्या साऱ्या पोराईनं चोऱ्याच केल्या म्हणायच्या. अन् म्याबी. त्या खिडकीतून."

 मी म्हटलं, "पण आबाजी, खरं सांगितलं तर दोघीही जाऊ."

"जाशीन तं जाशीन. घर काय पळून नाई राह्यलं." मग त्यांनी विचारलं, "वही दिली तवा बसली होती का तिच्यासंग?"

"नाही. मला अभ्यास होता."

"विहाराच्या पायऱ्यांवर इतवारी कोण बसे? इसरली का? ज्यानं वही टाकली त्यानं इतवारी येऊन नेणाऱ्याले समजून सांगायचं. नुसती वही तं वाळवीबी खाते. तू अर्धंच देलं, सुजाता."

खरंच विसरले होते. माझ्या लहानपणी ती रविवारची बैठक होती. तलाठी झालेला तो दादा माझ्या शेजारी पायरीवर बसून विटेवर खडूने दाखवून शिकवायचा. पुढे मोबाईल आले, ट्यूशनी आल्या आणि बैठक मोडली. पेटी तेवढी राहिली. मी माझ्या वह्या पेटीत टाकायची आणि पळायची.

आईने फोन ओढून घेतलेला कळला. "काऊन रडून राह्यली? जेवली का तू?"

"नाही."

"अन् ते पोरगी?"

"माहीत नाही."

"म्हंजे तेबी उपाशीच असन. तिची माय कुठं बसली हाय तिले विचारायले? जाय, आधी खाऊ घाल तिले. मंग काय बोलायचं ते बोलजो. अन् इकडं बावीस पानं वाढायची हायेत, ठेवते."

मी भात टाकला. वरण केलं, हिंग नव्हता तरी. सारनाईचं दार तीनदा वाजवावं लागलं. ती जेवताना एवढंच म्हणाली, "तू उद्या काही बोलू नकोस. मला तसंही परत जावं लागेल. माझी भाषा होत नाही." मी तिच्या ताटात चटणी वाढली. माझं काय ठरलंय ते बोलले नाही. तिला आधी सांगितलं असतं तर तिने मला थांबवलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी वेबरबाईंना सांगितलं की वही मी दिली, स्वतःच्या हाताने, आणि नाव लिहायलाही मीच सांगितलं. सारनाई मधेच बोलू लागली तसं बाईंनी हाताने तिला थांबवलं. मग मी पेटीचं सांगितलं. माझ्या जर्मनमध्ये जेवढं बसेल तेवढं. पत्र्याची पेटी, नावांची रांग, खिडकी, कोळसा. शेवटी आबाजींचं म्हणणंही सांगितलं, की मी अर्धंच दिलं आणि माझी चूक ती आहे. बाई वहीवरची दोन नावं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

"त्या पेटीत ही पद्धत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "इथे अहवालाखाली एकटीची सही असते. सही म्हणजे, हे मला समजलं आहे. तुझ्या मैत्रिणीची सही खोटी होती, आणि ते तुला माहीत होतं."

त्या आत प्राचार्यांकडे गेल्या. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो होतो. निर्णय असा झाला. दोन्ही अहवालांना शून्य, आणि ते शून्य तसंच राहणार. मात्र मी आपण होऊन खरं सांगितलं म्हणून शेवटचा दरवाजा बंद केला नव्हता. दहा दिवसांनी तिघा शिक्षकांसमोर प्रत्येकीने तोच प्रयोग पुन्हा करायचा आणि तोंडी समजावून सांगायचा, जर्मनमध्ये. जी सांगू शकणार नाही ती शेवटच्या परीक्षेला बसणार नाही.

ते दहा दिवस मला माझ्या सगळ्या शिक्षणात सगळ्यात जास्त आठवतात. आम्ही स्वयंपाकघरात खिडकीच्या कडीला दोरा बांधला आणि त्याला आलू लटकवला. सारनाई आलूला झोका द्यायची आणि मी जर्मनमध्ये वाक्य सांगायची. ती ते परत म्हणायची, मग स्वतःचं वाक्य बनवायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "झोका लहानच का द्यायचा?" मी म्हटलं, "कारण पुस्तकात तसं लिहिलंय."  मला माहीतच नव्हतं. दहावीपासून मी तो प्रयोग पाठ लिहीत आले होते, पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. मग तिने कागदावर मला ते उलगडून दाखवलं, भाषा न वापरता, नुसत्या गणिताने. त्या दुपारी कोण कोणाला शिकवतंय हे सांगणं अवघड होतं. मजल्यावरची बाकीची मुलं येता-जाता त्या आलूला टपली मारायची. पाचव्या दिवशी त्याला कोंब फुटले, मग नवा लटकवला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आधी मी आत गेले. माझी सुटका लवकर झाली. सारनाई आत गेली ती चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. मी बाकावर बसून आतला आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. तिचा आवाज मधूनमधून थांबायचा आणि प्रत्येक थांब्याला मी पुढचं वाक्य मनात म्हणायची. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वेबरबाई काहीतरी म्हणाल्या आणि सारनाई हसली. तेव्हा मला कळलं की झालं. लहान झोक्याचा प्रश्न दोघींनाही कोणी विचारला नाही.

शेवटची परीक्षा आम्ही दोघी पास झालो. पण त्या शून्याने माझा निकाल खाली आला आणि ज्या मोठ्या विद्यापीठाचं नाव मी सावंगीत असताना भिंतीवर लिहून ठेवलं होतं, त्याने मला घेतलं नाही. मला दुसरं विद्यापीठ मिळालं, लहान, पाण्याच्या शुद्धीकरणाचा विषय. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. दोन-तीन वर्षं वाटलं. पुढे त्याच विषयाने मला पोटाला घातलं आणि वर्ध्यात परत आणलं, तेव्हा ते वाटणं हळूहळू थांबलं. सारनाई आता तिकडे उलानबातरला मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. अधूनमधून लंबकाचा फोटो पाठवते.

विद्यापीठात प्रवेश झाल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा ती प्रयोगवही बरोबर आणली होती. आबाजींना तोवर दिसणं जवळपास बंद झालं होतं. त्यांनी वहीवरून बोट फिरवलं आणि सारनाईच्या नावापाशी विचारलं, "हे तिचं?" मी हो म्हटलं.

"ठेव पेटीत."

"आबाजी, जर्मनमध्ये आहे. इथं कोण वाचणार?"

"तुले काय करायचं? ठेव. निघन कोणी."

आबाजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पेटीला दोनदा रंग दिला. आई अजून मेस चालवते, पानं कमी झालीत. मागच्या महिन्यात एका रविवारी मी विहारात गेले होते. पायरीवर आमच्या वस्तीतली एक मुलगी बसली होती, नागपूरला जर्मन शिकायला जाते ती. तिच्या मांडीवर माझी वही होती. सारनाईच्या नावाखाली निळ्या शाईत तिसरं नाव लिहिलेलं होतं, शाई अजून ओली असावी इतकं नवं. मला बघून ती उठायला लागली आणि लाल गोलावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, बाकीचं थोडं थोडं समजून राह्यलं. पण हा चार काऊन गोल केला?"

मी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"बस," म्हटलं. "घाई नाही ना तुले?"